ऑफ-पंप बायपास आणि सगळे ग्राफ्ट धमनीचे: पुढची वर्षं कशी जातात?

कृष्णाकाठ_कराड

नमस्कार मंडळी. वडिलांच्या बायपासबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, पण सगळं लिहिते.

बाबा ६३ वर्षांचे. टेलरिंगचं दुकान आहे, अजूनही कटिंग स्वतःच करतात, कुणाच्या हातात कात्री देत नाहीत. डायबेटिस बरीच वर्षं, गोळ्यांवर. दिवाळीनंतर दुकानाच्या माडीवर कापडाचा गठ्ठा घेऊन चढताना छाती जड व्हायला लागली आणि जबड्यापर्यंत ओढ यायची. थांबलं की कमी व्हायचं. म्हणून महिनाभर कुणाला बोलले नाहीत. शेवटी आईनेच माझ्या कानावर घातलं. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) केली ती पॉझिटिव्ह आली, मग उजव्या मनगटातून अँजिओग्राफी. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज. अँजिओ करणारे डॉक्टर स्वतःच म्हणाले, शुगर आहे, तीन व्हेसल आहेत, स्टेंटपेक्षा बायपास चांगली. हृदयाचं पंपिंग ५५ टक्के आहे, किडनीचे रिपोर्ट ठीक.

आता अडलंय ते इथे. आम्ही दोन सर्जनना भेटलो. पहिले म्हणाले, 'हृदय चालू ठेवून करू, हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर घेणार नाही. पायाची शीर काढणार नाही, छातीतली आणि डाव्या हातातली धमनी वापरू.' दुसरे म्हणाले, 'मी मशीनवर करतो. छातीतली एक, बाकी दोन पायाच्या शिरा. वर्षानुवर्षं असंच करतोय, पेशंट मजेत आहेत.' दोघेही अनुभवी आहेत, आणि दोघांनीही घाई न करता समजावून सांगितलं.

भावाने नेटवर वाचलं की ऑफ-पंपमध्ये, म्हणजे मशीनशिवाय केलेल्या बायपासमध्ये, पाच वर्षांनी मृत्यू जास्त दिसले. मामा म्हणतात, मशीनवर घेतलं की माणूस विसराळू होतो, त्यांच्या ओळखीत झालंय. आईला एवढंच कळतंय की हृदय बंद करणार म्हणजे काय. आणि बाबांचा एकच प्रश्न आहे: डाव्या हातातली नस काढली तर कापड धरता येईल का?

ज्यांनी हे केलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगा. 'डॉक्टरांना विचारा' हे कळतंय, विचारणारच आहोत. पण नेमकं काय विचारायचं तेच कळत नाहीये.

चिंचवडचे_मास्तर

ताई, मी पेशंट आहे, डॉक्टर नाही. २०१० साली माझी बायपास झाली, तीही हृदय चालू ठेवूनच. तीन ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालून जोडलेल्या तीन रक्तवाहिन्या: छातीतली एक धमनी पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला, बाकी दोन डाव्या पायाच्या शिरा. तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होतो, आठव्या दिवशी घरी. दीड-दोन महिन्यांनी शाळेत परत गेलो, फळ्यावर हात वर करताना छाती थोडी ओढायची, तेवढंच.

नंतरची आठ-नऊ वर्षं काही नाही. मग पुन्हा चालताना दम लागायला लागला. अँजिओग्राफी केली तर पायाच्या दोन शिरांपैकी एक पूर्ण बंद आणि दुसरी अर्धी. छातीतली धमनी मात्र नवी घातल्यासारखी उघडी होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली, मीही पाहिली. गुळगुळीत, सरळ, कुठे खाच नाही. अर्ध्या बंद शिरेत स्टेंट टाकला आणि आजतागायत व्यवस्थित आहे. रोज सकाळी तळ्याभोवती दोन फेऱ्या मारतो.

तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं की हातातली घेऊ का पायातली. मीही विचारलं नाही. विसराळूपणा मात्र माझ्या बाबतीत शून्य, पण मी मशीनवर नव्हतोच, त्यामुळे मामांच्या शंकेला माझा दाखला चालणार नाही. पायाची जखम मात्र छातीपेक्षा जास्त छळते, हे अनुभवाने सांगतो. घोट्याजवळ सूज बरेच महिने राहिली आणि रात्री पाय उशीवर ठेवूनच झोपायचो.

पंपवाला_मिरज

कराडच्या ताई, मी परफ्युजनिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस. मशीन हेच माझं काम, त्यामुळे मशीनची बाजू मी घेईन असं वाटेल, पण दोन्ही प्रकारची ऑपरेशनं मी रोज तिथे उभा राहून पाहतो. ऑफ-पंप असलं तरी मला सुट्टी नसते. मशीन टेबलाशेजारी तयार ठेवून मी पूर्ण वेळ उभा असतो. का, ते पुढे सांगतो.

आधी आईंसाठी. मशीनवर घेतात तेव्हा शरीराचं अशुद्ध रक्त नळीने माझ्याकडे येतं, ऑक्सिजनेटरमधून शुद्ध होऊन महाधमनीत परत जातं. हृदयाला थंड, पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन थांबवतात. स्थिर, कोरड्या हृदयावर सर्जन टाके घालतो. काम झालं की महाधमनीवरचा चिमटा काढतात, हृदयात गरम रक्त जातं आणि ते पुन्हा चालायला लागतं. मेंदू, किडनी यांचा रक्तपुरवठा या वेळात एक क्षणही थांबलेला नसतो. जगभर बहुतेक बायपास आजही अशाच होतात. भारतात मात्र ऑफ-पंपचं प्रमाण पहिल्यापासून जास्त आहे. २००९ च्या जानेवारीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या टीमने केली, तीही धडधडत्या हृदयावर. तेव्हापासून हा शब्द घराघरांत गेला.

ऑफ-पंपमध्ये काय होतं? ज्या जागी टाका घालायचा तेवढाच भाग स्टॅबिलायझर नावाच्या दोन बोटांच्या पट्टीने दाबून स्थिर करतात. भोवती हृदय उडतच असतं. रक्तवाहिनी दीड ते दोन मिलिमीटरची, धागा केसापेक्षा बारीक. रक्ताने जागा दिसेनाशी होऊ नये म्हणून असिस्टंट कार्बन डायऑक्साइडचा बारीक फवारा मारत राहतो. पुढची रक्तवाहिनी समोरच असते, ती सोपी. कठीण आहे ती मागच्या भिंतीवरची. तिच्यासाठी हृदय उचलून टोक आढ्याकडे करावं लागतं. टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, उजवीकडे कलवतात. अशा वेळी मॉनिटरवरचं ब्लडप्रेशर ११० वरून ७० वर येताना मी कितीतरी वेळा पाहिलंय. कुणी बोलत नाही. भूलतज्ज्ञ औषध वाढवतो, सर्जन हृदय अलगद खाली ठेवतो, दोन-तीन मिनिटं थांबतो, पुन्हा उचलतो. ज्याचा हात यात मुरलेला आहे तो घाई करत नाही. ज्याचा नाही, तो मागच्या भिंतीवरचा तिसरा ग्राफ्ट सोडून देतो, किंवा घालतो पण टाका मनासारखा बसत नाही. आणि कधी प्रेशर सावरतच नाही, तेव्हा घाईने मशीनवर घ्यावं लागतं. मी शेजारी उभा असतो तो याचसाठी. ठरवून मशीनवर घेणं आणि असं धावपळीत घेणं, यात पेशंटच्या जिवाच्या दृष्टीने खूप मोठा फरक आहे.

आता भावाने वाचलेलं. तो बहुधा रूबी नावाचा अभ्यास असावा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत २२०३ पेशंटवर झाला. पाच वर्षांनी ऑफ-पंप गटात १५.२ टक्के मृत्यू, मशीनच्या गटात ११.९ टक्के. भावाने वाचलं ते खरं आहे, खोडून काढण्यासारखं नाही. वर्षभरानंतरच्या अँजिओग्राफीतही ऑफ-पंपचे ग्राफ्ट कमी उघडे होते: ८२.६ विरुद्ध ८७.८ टक्के. पण त्याच अभ्यासात भाग घेणाऱ्या सर्जनसाठी अट फक्त २० ऑफ-पंप ऑपरेशनांच्या अनुभवाची होती, आणि शंभरातल्या बाराहून अधिक पेशंटना मध्येच मशीनवर घ्यावं लागलं. मी वर जे वर्णन केलं ते २० ऑपरेशनांत हाताला बसत नाही. याच पेशंटचा दहा वर्षांचा पाठपुरावा नंतर आला, त्यात मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

दुसरा मोठा अभ्यास कॉरोनरी नावाचा. ४७५२ पेशंट, १९ देश. तिथे सर्जनला त्या पद्धतीची १०० हून अधिक ऑपरेशनं केलेली असण्याची अट होती. पाच वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं आणि पुन्हा प्रोसिजर लागणं हे सगळं मिळून ऑफ-पंपमध्ये २३.१ टक्के आणि मशीनवर २३.६ टक्के. म्हणजे बरोबरी. पहिल्या महिन्यात ऑफ-पंपला रक्त कमी द्यावं लागलं, रक्तस्रावासाठी पुन्हा छाती उघडण्याचे प्रसंग कमी, किडनीला तात्पुरता धक्का कमी. उलट, महिन्याभरातच पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागणारे थोडे जास्त: ०.७ विरुद्ध ०.२ टक्के. जर्मनीत ७५ च्या पुढच्या लोकांवर वेगळा अभ्यास झाला, तिथेही वर्षाअखेर बरोबरीच.

मामांची शंका. ऑपरेशननंतर काही आठवडे विसरायला होणं, लक्ष न लागणं हे दोन्ही प्रकारांत दिसतं. नेदरलँड्समध्ये ऑक्टोपस नावाच्या अभ्यासात पेशंट निवडताना चिठ्ठी टाकून दोन गट केले आणि पाच वर्षांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. फरक आढळला नाही. पक्षाघाताची गोष्ट मात्र वेगळी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या महाधमनीत चुन्याचे थर असतात. तिला चिमटा लावला, नळी घातली, भोक पाडलं, तर त्यातला कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. फक्त मशीन टाळून हा धोका पूर्ण जात नाही, कारण पायाची शीर जोडायची तर तिचं दुसरं टोक महाधमनीलाच शिवावं लागतं आणि त्यासाठी बाजूने का होईना चिमटा लागतो. महाधमनीला अजिबात हातच न लावणं, हा ऑफ-पंप आणि धमनीचे ग्राफ्ट या जोडीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. छातीतली डावी धमनी वरून, हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतून निघते. तिचं वरचं टोक कापतच नाहीत. हातातली धमनी तिच्याच कुशीला जोडली की इंग्रजी वाय अक्षरासारखी फांदी होते, आणि महाधमनी तशीच सुटते.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या घरात सगळी चर्चा मशीनवर की मशीनशिवाय, अशी चाललीय. ती चार-पाच तासांची गोष्ट आहे. बाबा ६३ चे आहेत, त्यांना पुढे वीस वर्षं काढायचीत, आणि ती त्या ग्राफ्टवर काढायचीत. मास्तरांनी वर लिहिलेलं पुन्हा वाचा. एकाच माणसाच्या, एकाच दिवशी, एकाच सर्जनने घातलेल्या ग्राफ्टपैकी शीर गेली आणि धमनी राहिली. पायाची शीर ही कमी दाबाचं रक्त वाहायला बनलेली. तिला धमनीच्या दाबाखाली ठेवलं की भिंत जाड होत जाते, आतून चरबी धरते. दहा वर्षांनी जवळपास निम्म्या शिरा बंद किंवा खराब झालेल्या असतात. छातीतली डावी धमनी, जिला आम्ही लिमा म्हणतो, ती पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडली तर दहा वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून जास्त उघड्या. क्लीव्हलंड क्लिनिकने १९८६ साली हे दाखवून दिलं तेव्हापासून लिमा वापरायची की नाही हा वादच उरला नाही. आणि गंमत बघा, लेनिनग्राडच्या कोलेसोव्हने १९६४ मध्ये केलेलं ऑपरेशन हेच होतं: छातीतली धमनी, चालतं हृदय, मशीन नाही. पायाच्या शिरेचा जमाना क्लीव्हलंडच्या फाव्हालोरोपासून, १९६७ नंतर आला.

तेव्हा दोन्ही सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा: लिमा सोडून दुसरा ग्राफ्ट कशाचा आणि कुठल्या रक्तवाहिनीला? दुसरा: तुम्ही नेहमी जसं करता तसंच बाबांचं करणार ना? ऑफ-पंप करणारे सर्जन रोज ऑफ-पंप करणारे हवेत, आणि हातातली धमनी काढणारे ती नेहमी काढणारे हवेत. तुमच्या आग्रहासाठी कुणीही आपली सवयीची पद्धत बदलू नये. तिसरा: ग्राफ्ट शिवल्यावर त्यातला प्रवाह फ्लोमीटरने मोजता का? ग्राफ्टभोवती छोटा सेन्सर लावतात, मिनिटाला किती मिली रक्त जातंय ते स्क्रीनवर दिसतं. कमी दिसलं तर छाती बंद करण्याआधीच टाका उसवून पुन्हा घालता येतो. धडधडत्या हृदयावर शिवलेल्या ग्राफ्टसाठी हे फार मोलाचं आहे.

कृष्णाकाठ_कराड

दादा, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मास्तर, तुमचेही आभार, बाबांना तुमचं 'नवी घातल्यासारखी उघडी' फार आवडलं.

रिपोर्ट काढून बसलेय. पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत सुरुवातीलाच ९० टक्के. डावीकडच्या मागच्या फांदीत ९५ टक्के. उजवीकडच्या रक्तवाहिनीत '६० ते ७०' असं लिहिलंय. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.६.

पहिल्या सर्जनना फोनवर विचारलं. ते म्हणाले डावीकडे दोन्ही ग्राफ्ट धमनीचेच, उजवीकडचं ऑपरेशनच्या वेळी बघून ठरवू, कदाचित तिथे शीर लावू. मी गोंधळले, कारण आधी तर सगळ्या धमनीच्याच म्हणाले होते. शिवाय छातीतल्या दोन्ही धमन्या का घेत नाहीत, असं भावाने विचारलं तर म्हणाले, 'शुगर बघा त्यांची'. हे मागे सरणं आहे का?

पंपवाला_मिरज

ताई, हे मागे सरणं नाही. हे ऐकून मला त्या सर्जनबद्दल जास्त खात्री वाटली.

धमनी जिवंत स्नायूची नळी असते. मागणी असेल तर रुंदावते, नसेल तर आकसते. उजव्या रक्तवाहिनीत ६० टक्केच अडथळा असेल तर मूळ वाटेनेच बरंच रक्त जातं. तिथे हातातली धमनी जोडली तर दोन्हीकडून रक्त समोरासमोर येतं, ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो आणि काही महिन्यांत ती धमनी दोऱ्यासारखी बारीक होऊन बसते. पुढे मूळ अडथळा वाढला तरी ती पुन्हा उघडेलच असं नाही. म्हणून हातातली धमनी निदान ७० टक्क्यांच्या वर, आणि उजव्या बाजूला तर ९० च्या आसपास अडथळा असेल तिथेच लावतात. शिरेला या बाबतीत फरक कमी पडतो. तेव्हा ९० आणि ९५ च्या जागी धमनी, आणि ६० च्या जागी शीर किंवा काहीच नाही, हा विचार अगदी योग्य आहे. सगळे ग्राफ्ट धमनीचेच हवेत असा हट्ट आपण धरू नये, योग्य जागी धमनी हवी असा धरावा.

हातातल्या धमनीचा पुरावा आता भक्कम आहे. सहा अभ्यासांतले मिळून १०३६ पेशंट एकत्र करून २०१८ साली निष्कर्ष आले. दुसरा ग्राफ्ट हातातल्या धमनीचा असलेल्यांत पाचेक वर्षांत हार्ट अटॅक आणि पुन्हा प्रोसिजर कमी लागल्या. बंद पडलेले ग्राफ्ट: धमनीचे ८.१ टक्के, शिरेचे १९.९ टक्के. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दुसऱ्या महत्त्वाच्या ग्राफ्टसाठी शिरेऐवजी हीच घ्या असं ठामपणे म्हटलंय.

छातीतल्या दोन्ही धमन्यांचं चित्र इतकं स्पष्ट नाही. आर्ट नावाच्या अभ्यासात ३१०२ पेशंट होते, सात देशांतले, त्यात भारतही होता. एका गटाला एक, दुसऱ्याला दोन्ही. दहा वर्षांनी मृत्यू २१.२ आणि २०.३ टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. याचा अर्थ लावताना एक लक्षात ठेवावं लागतं. दोन्ही लावायच्या म्हणून ठरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात एकच लागली, आणि एकीच्या गटातल्या वीसहून अधिक टक्के लोकांना हातातली धमनीही मिळाली. त्यामुळे दोन गट मुळातच पुरते वेगळे राहिले नाहीत. पण जखमेचं दुखणं त्या अभ्यासात स्वच्छ दिसलं: छातीच्या हाडाच्या जखमेची गुंतागुंत एकीत १.९ टक्के, दोन्हीत ३.५ टक्के. छातीच्या हाडाला रक्त याच दोन धमन्यांतून मिळतं. दोन्ही काढल्या की हाड भरून यायला वेळ लागतो, आणि शुगर ८.६ असताना हा धोका आणखी वाढतो. छातीचं हाड चिघळलेला पेशंट महिनोन्महिने ड्रेसिंगसाठी येताना मी पाहिलाय, त्या घराची काय दशा होते तीही पाहिलीय. तुमच्या सर्जनचं 'शुगर बघा' हे एकच वाक्य पुरेसं आहे.

ऑपरेशन तातडीचं नसेल आणि डॉक्टर थांबायची परवानगी देत असतील तर मधल्या काळात शुगर आटोक्यात आणायला डायबेटिसच्या डॉक्टरांना आत्ताच गाठा. पण छातीत बसल्या जागी दुखायला लागलं तर शुगरची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

नंतरचं एक आत्ताच लिहून ठेवतो, कारण डिस्चार्जच्या कागदात ते इतर गोळ्यांत हरवतं. हातातली धमनी आखडते, तिच्या भिंतीत स्नायू जास्त असतो. म्हणून साधारण वर्षभर डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी देतात. ब्लडप्रेशर नॉर्मल आलं म्हणून गावातल्या कुणी ती बंद करायला सांगितली तर आधी सर्जनना फोन करा. ऑफ-पंपनंतर अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळीही बहुतेक वेळा वर्षभर असते. आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची. ग्राफ्ट धमनीचा असला तरी बाकीच्या रक्तवाहिन्या बाबांच्याच आहेत, त्यांच्यातला आजार तिथेच आहे.

हातमोजे_कोल्हापूर

कार्डियाक थिएटरमध्ये नर्स होते, आता वॉर्डात आहे. बाबांच्या हाताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

हाताच्या पंजाला दोन धमन्या रक्त देतात, अंगठ्याच्या बाजूची आणि करंगळीच्या बाजूची. काढतात ती अंगठ्याच्या बाजूची. आधी तपासतात की करंगळीच्या बाजूची एकटी पंजा सांभाळते का. पेशंटला मूठ आवळायला लावून दोन्ही नाड्या दाबतात, पंजा पांढरा पडतो, मग करंगळीकडची सोडतात. काही सेकंदांत तळवा गुलाबी झाला पाहिजे. बरेच सर्जन डॉप्लरनेही, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनेही, खात्री करून घेतात. ज्या मनगटातून अँजिओग्राफी झाली तिकडची धमनी शक्यतो घेत नाहीत, आतून जखमी झालेली असू शकते. तुमच्या बाबांची उजवीकडून झालीय, म्हणजे डावी मोकळी. आता त्या डाव्या हातातून रक्त काढणं, सलाईन लावणं टाळायला सांगा. अ‍ॅडमिट झाल्यावर सिस्टर बदलत राहतात, प्रत्येकीला सांगावं लागतं. आम्ही तर पट्टी लावून त्यावर पेनने लिहून ठेवायचो.

जोर कमी होत नाही. अंगठ्याच्या मुळाशी आणि हाताच्या मागच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात, काहींना बरेच आठवडे, थोड्यांना त्याहून जास्त. टाके कोपराच्या खालून मनगटापर्यंत असतात. बोटं दुसऱ्या दिवसापासून हलवायची, हात उशीवर उंच ठेवायचा. तुमच्या बाबांना कापड धरायला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, ती सुई-दोऱ्याच्या कामाने लवकर परत येते. आमच्याकडे एक काकू निवडायला तांदूळ मागवून घ्यायच्या वॉर्डात.

कात्री मात्र उजव्या हाताची असली तरी लगेच नाही. जाड कापड कापताना छातीवर जोर येतो आणि हाड जुळायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर मशीनवरची हलकी शिलाई, काजं-बटणं चालतील, गठ्ठा उचलून माडीवर चढणं अजिबात नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, आणि उठताना हातावर जोर न देता कुशीवर वळून उठायचं. हे ऑपरेशनच्या आधी घरी चार दिवस करून घ्या, नंतर दुखत असताना शिकवणं अवघड जातं.